सैल सोडा, सेक्रेटरी

सेक्रेटरींच्या उजव्या करंगळीनं पहिल्यांदा काम नाकारलं, तेव्हा ते नोटीस लिहीत होते. ‘पाहुण्यांनी आपली वाहने’ इथपर्यंत अक्षर नेहमीसारखं, म्हणजे छापल्यासारखं आलं होतं. पुढे ‘आखून दिलेल्या जागेतच’ हे लिहिताना पेन बोटांतून निसटल्यासारखं झालं आणि ती अख्खी ओळ आखून दिलेली जागा सोडून कागदाच्या कोपऱ्याकडे निघाली. सेक्रेटरींनी हात झटकला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोघांनाही मुंग्या आल्या होत्या. त्यांनी नवा कागद घेतला, नोटीस पुन्हा लिहिली आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावली. संध्याकाळपर्यंत कुणीतरी तिच्याखाली पेन्सिलीनं ‘नोटीस सरळ लावावी’ असं लिहून ठेवलं. नोटीस सरळच लावली होती. अक्षर वाकडं होतं.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, कुणी बागेत जमून जोरजोरात हसतात. हे गृहस्थ सोसायटीचे सेक्रेटरी झाले. झाले म्हणजे असे झाले, की त्यांचं आडनाव लोक विसरून गेले. पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना सेक्रेटरीच म्हणत, आणि बायको चारचौघांत ‘अहो’ म्हणत असली तरी पाठीमागे तीही सेक्रेटरीच म्हणायची. रोज संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीत कठड्यावर उजवं कोपर रोवून, हनुवटी तळव्यात ठेवून, ते खाली गाड्या लागताना बघत. घरी परतणाऱ्या दमल्याभागल्या माणसाला आकाशवाणी व्हावी तसं वरून ऐकू येई, “जरा डावीकडे घ्या. अजून. हां.” या देखरेखीखाली सगळ्यांचं नीट चाललं होतं, अपवाद फक्त तळमजल्यावरच्या लाल गाडीवाल्याचा. चाळिशीतला, टक्कल पडू लागलेला, स्वभावानं खरं तर गरीब माणूस; पण त्याच्या गाडीचं एक चाक पांढऱ्या पट्ट्यावर असल्याशिवाय त्याला घरात शिरताच येत नसे. त्या चाकानं सेक्रेटरींचं रक्त जितकं आटवलं तितकं पूर्ण नोकरीत साहेबांनी आटवलं नव्हतं.

तर करंगळी. सेक्रेटरींनी ती गोष्ट दाबून ठेवली. पण हात ही काही दाबून ठेवण्यासारखी वस्तू नाही, तो दिवसभर लोकांसमोर असतो. बरणीचं झाकण उघडेना. शर्टाची बटणं लावायला इतका वेळ लागू लागला, की बायकोनं “कुणाकडे लग्नाला निघालात की काय?” असं विचारलं. एकदा कुलपात किल्ली घालून ते नुसते उभे राहिले, कारण फिरवायला बोटांत जोरच नव्हता. आणि लाल गाडीवाला पिशवी घेऊन मागून आला तेव्हा ते कुलपाचं निरीक्षण करत असल्यासारखे वाकले.

बायको शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य काढून निवृत्त झालेली. न बोलता लक्ष ठेवायची सवय हाडीमाशी खिळलेली. तिनं पंधरवडाभर काही म्हटलं नाही, आणि मग एके दिवशी सकाळी चहा देता देता म्हणाली, “कपाला दोन हात लावता हल्ली. चला डॉक्टरांकडे.”

नेहमीच्या डॉक्टरांनी सेक्रेटरींना बोटं ताठ करून त्यांच्या फटीत एक कागद धरायला सांगितला. “मी ओढतो, तुम्ही सोडायचा नाही.” सेक्रेटरींनी दात ओठ खाऊन कागद धरला. डॉक्टरांनी तो टेबलावरून उचलावा इतक्या सहज काढून घेतला. आयुष्यात एकही कागद सहजासहजी न सोडलेल्या माणसाला ही गोष्ट लागली.

“नसांची तपासणी करून घेऊ,” डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. “नसेत थोडा करंट सोडतात आणि तो किती वेगानं पुढे जातो ते बघतात. मग स्नायूत एखादी बारीक सुई.”

“एखादी म्हणजे किती?”

“बारीक असते हो.”

“आणि त्यातून काय कळणार?”

“नस कुठे दबली असेल तर ते कळेल.”

“आणि दबली नसेलच तर?”

डॉक्टर हात धुवायला उठले होते. नळाखाली हात धरून त्यांनी जरा वेळ घेतला आणि म्हणाले, “मग पुढे बघू.”

आता, ‘पुढे बघू’ हे शब्द सेक्रेटरींनी स्वतः कमिटीच्या बैठकांत शेकडो वेळा वापरलेले होते. गळकी टाकी, खचलेली भिंत, जी गोष्ट आपल्या हाताबाहेर गेली आहे असं त्यांना मनातून पक्कं ठाऊक असे, तिच्याबद्दलच ते ‘पुढे बघू’ म्हणत. त्यामुळे त्या शब्दांचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली. मधले दिवस शेजाऱ्यांचे होते.

समोरच्या ब्लॉकमधले विमाकाका हे जन्मभर विम्याचे एजंट. वैद्यकीचं शिक्षण शून्य, पण जगातला प्रत्येक रोग त्यांना शेवटाकडून माहीत. कुठल्याही दुखण्याचं नाव काढा, त्यांना फक्त तो माणूस आठवायचा ज्याच्या घरी ते चेक घेऊन गेले होते. बातमी कळताच ते येऊन बसले, सेक्रेटरींचा हात पालथा-उताणा करून बघितला आणि हळू आवाजात म्हणाले, “जेवताना ठसका लागतो का?”

“नाही.”

“हं. जीभ काढा बघू बाहेर.”

सेक्रेटरींनी काढली. सोसायटीच्या सेक्रेटरीनं सभासदासमोर जीभ काढून बसावं हे कुठल्याही नियमात बसत नव्हतं, पण भीती माणसाला नियमाबाहेर नेते.

“फडफडते का जरा?” विमाकाका स्वतःशीच म्हणाले. “नाही, नसेल. असो. माझा एक क्लायंट होता. तुमच्यासारखाच, पेन पडायला लागलं हातातून. मग हात वाळला. मग दुसरा हात. मग पाय. डोकं शेवटपर्यंत लख्ख. सगळं समजायचं बिचाऱ्याला.” त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. “घाबरवत नाहीये. पण कागदपत्रं जागच्या जागी असलेली बरी.”

त्या दुपारी जेवताना सेक्रेटरींना ठसका लागला. दर घासाला ‘आता लागतो का’ म्हणून वाट बघत जेवलेल्या कुठल्याही माणसाला लागेल, पण हे त्यांना कोण सांगणार. ते आरशासमोर जाऊन जीभ बघू लागले. जीभ फडफडत होती. बाहेर काढून इतका वेळ धरलेली कुणाचीही जीभ फडफडते, हेही त्यांना माहीत नव्हतं. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला मांसल भाग त्यांना खोल गेलेला वाटू लागला. पण खोल म्हणजे किती खोल, हे ठरवायला दुसऱ्यांचे हात बघायला हवेत. म्हणून सेक्रेटरी भेटेल त्याच्याशी हस्तांदोलन करू लागले.

इमारतीत खळबळ उडाली. जिन्यात दिसल्यावर ज्यांनी कधी साधी मान हलवली नाही ते गृहस्थ आता थांबून, हात पुढे करून, समोरच्याचा हात चांगला दाबून, अंगठ्याजवळचा फुगवटा चाचपून “काय, बरं आहे ना?” असं विचारत होते. तिसऱ्या मजल्यावरच्यांना वाटलं, कमिटीच्या निवडणुका जवळ आल्या. दुसऱ्या मजल्यावरच्यांना वाटलं, ज्योतिष शिकताहेत. लाल गाडीवाल्याचा हात त्यांनी धरला तेव्हा तो इतका गडबडला, की त्या दिवशी त्यानं गाडी बाहेर रस्त्यावर लावली. त्याची पकड जबरदस्त होती. सेक्रेटरी खिन्न होऊन वर आले. इमारतीत सगळ्यांच्या मुठी शाबूत होत्या, एक त्यांची सोडून.

बायकोला यातलं काही सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, म्हणजे तिला काही कळलेलं नाही, असा त्यांनी सोयीचा अर्थ काढला. फक्त एक दिवस ते अगदी सहज म्हणून म्हणाले, “चल, तुला पंपाच्या खोलीतला व्हॉल्व्ह दाखवून ठेवतो.”

या व्हॉल्व्हबद्दल थोडं सांगायला हवं. जिन्याखालच्या खोलीत टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह होता. तो रोज संध्याकाळी उघडल्याशिवाय वर पाणी चढत नसे. वॉचमननं एकदा तो आवळून अडकवला होता आणि सगळी इमारत कोरडी राहिली होती. तेव्हापासून सेक्रेटरी त्याला कुणाला हात लावू देत नसत. तो पूर्ण फिरवायचा, मग किंचित मागे घ्यायचा, आणि आत ‘टक’ असा बारीक आवाज आला की सोडायचा. मागे घ्यायला विसरलं की मेला रुसून बसायचा. हे गुपित त्यांनी कमिटीच्या अध्यक्षांनासुद्धा सांगितलं नव्हतं. आता ते दोन्ही हातांनी तो फिरवत होते आणि बायकोला सांगत होते, “हे असं. मग जरा मागे. ऐकलंस? येईल ना तुला?”

बायको भिंतीवरच्या जाळ्याकडे बघत उभी होती. “बघू,” ती म्हणाली.

मग त्यांनी तिला वीजमीटरची किल्ली दाखवली, गॅसची पावती दाखवली, कपाटातला वरचा कप्पा दाखवला. ती प्रत्येक वेळी ‘बरं’ म्हणाली, आणि त्या दिवसापासून त्यांच्याकडे बघायचं तिनं कमी केलं.

तपासणीचा दिवस उजाडला तोच वरच्या मावशींच्या पायरवानं. मावशींचा तेलावर गाढा विश्वास. आंघोळ होते न होते तोच त्या वाटी घेऊन हजर. “नस म्हणजे काय हो, दोरीच ती. कोरडी पडली की खरखरते. त्या मशीनला जरा ओली मिळू दे.” एरवी सेक्रेटरींनी त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं. पण भ्यालेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. मावशींनी खांद्यापासून बोटांपर्यंत दोन्ही हात असे चोळले, की सेक्रेटरी दिव्यासारखे चकाकू लागले.

रिक्षा मिळेना. फोनवर बोलावलेली गाडी ‘येतोय’ म्हणत कुठल्याशा दुसऱ्याच गल्लीत फिरत राहिली. उशीर होत चालला तशी बायको रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, आणि तिच्यासमोर येऊन थांबली ती लाल गाडी. काच खाली झाली. “वहिनी, कुठे सोडू?”

ज्या गाडीच्या चाकाविरुद्ध आपण तीन नोटिसा काढल्या तिच्या मागच्या सीटवर बसून दवाखान्यात जायचं, यापेक्षा मोठी मानहानी सेक्रेटरींच्या कल्पनेत नव्हती. ते बसले. लाल गाडीवाल्यानं पाहुण्याला बरं वाटावं म्हणून एसी पूर्ण सोडला. त्याचं भोक नेमकं सेक्रेटरींच्या हातांवर होतं. तेलानं माखलेल्या हातांवर थंड झोत बसून ते बधिर होऊ लागले. ‘जरा कमी करा’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण आधीच उपकार घेतलेत, त्यात आणखी विनंती कुठे करायची, म्हणून सेक्रेटरी मूग गिळून बसले आणि हात गारठवून घेतले.

दवाखान्याच्या काउंटरवरच्या माणसानं चिठ्ठी वाचली, संगणकात बघितलं, पुन्हा चिठ्ठी वाचली. “डाव्या हाताची तपासणी आहे.”

“उजव्या,” सेक्रेटरी म्हणाले.

“इथं डावा लिहिलाय.”

“पण त्रास उजव्याला आहे. मी सांगतोय ना.”

“त्रास कुठे आहे तो तुमचा प्रश्न. लिहिलंय काय तो आमचा.”

सेक्रेटरींच्या अंगाचा तिळपापड व्हायला हवा होता, पण झालं भलतंच. त्यांना त्या माणसाबद्दल आदर वाटला. विमाकाकांचा अर्ज त्यांनी स्वतः याच चालीवर परत केला होता. ब्लॉकचा नंबर चुकलाय म्हणून, आणि विमाकाका समोरच्याच दारात उभे असताना. मनुष्य चोख होता. पण चोख माणसासमोर आपण उभे असलो की घशाला कोरड पडते, हा भाग त्यांना नवा होता. तेवढ्यात तपासणीच्या खोलीतून एक तंत्रज्ञ डोकावला आणि म्हणाला, “अहो, पाठवा त्यांना. तुलनेसाठी दोन्ही हात करावेच लागतात.”

“मग आधी डावा करा,” काउंटरवाल्यानं तत्त्व सोडलं नाही.

खोलीत एक पलंग, एक यंत्र आणि भिंतीवर एक सूचना होती. सूचना ठळक अक्षरांत होती: तपासणीच्या दिवशी हातापायांना तेल किंवा मलम लावू नये. तीच सूचना चिठ्ठीच्या मागच्या बाजूला छापलेली होती. लोक नोटिसा वाचत नाहीत या विषयावर सेक्रेटरींनी आजवर जी भाषणं केली होती ती सगळी एकदम आठवून त्यांनी डोळे मिटून घेतले.

तंत्रज्ञानं हाताला चिकटपट्टी लावली, ती घसरली. दुसरी लावली, तीही मनगटावरून निघून पलंगावर जाऊन बसली. “तेल लावलंत?” त्यानं विचारलं.

“शेजारच्यांनी लावलं,” सेक्रेटरी म्हणाले.

स्पिरिटनं हात पुसण्यात बराच वेळ गेला. स्पिरिटनं हात आणखी गार पडले. मग करंट सुरू झाला. मनगटापाशी टिचकी बसावी तसा झटका, आणि हात आपल्याला न विचारता टुणकन उडे. सेक्रेटरींना झटक्यापेक्षा त्या न विचारण्याचं जास्त वाईट वाटलं. तंत्रज्ञ पडद्याकडे बघत होता. मनगट, कोपर, पुन्हा मनगट. डावा हात, मग उजवा. आणि मग तो “हम्म” म्हणाला.

“काय झालं?”

“काही नाही. सगळ्याच नसा जरा मंद दिसताहेत.”

“सगळ्याच? डावीकडच्याही?”

“हो. मी डॉक्टर बाईंना बोलावतो.”

तो गेला. दारापाशी खुर्चीवर बसलेल्या बायकोकडे सेक्रेटरींनी बघितलं नाही. दुसरा हात, मग पाय, डोकं शेवटपर्यंत लख्ख. त्यांना विमाकाकांचा तो क्लायंट इतका जवळचा वाटू लागला, की त्याचं नाव विचारून ठेवायला हवं होतं असं वाटलं. नोटिसा आता कोण लिहिणार, हा विचार पहिला आला, आणि त्याच्या पाठोपाठ हिच्यासाठी बरणीचं झाकण कोण उघडणार हा आला. झाकण तर आताही तीच उघडत होती. तरी आला.

नसांच्या डॉक्टर बाई आल्या. बुटक्या, चष्मा डोक्यावर ढकललेला. त्यांनी यंत्राकडे न बघता आधी सेक्रेटरींचा हात हातात घेतला आणि लगेच तंत्रज्ञाकडे वळल्या. “अरे, बर्फ आहे हा. गार हातात नस सावकाशच चालणार. आधी गरम पाण्याच्या पिशव्या आण.” मग सेक्रेटरींकडे बघून म्हणाल्या, “कुठे ठेवले होते हात?”

“एका सभासदाच्या गाडीत,” सेक्रेटरी म्हणाले.

हात शेकून पुन्हा तपासणी झाली. डाव्या हाताच्या नसा सरळ झाल्या. उजव्याची एक नस मात्र कोपरापाशी अजून रेंगाळत होती. जीव अर्धा भांड्यात पडला. अर्धा बाहेरच राहिला, कारण बाईंनी सुई काढली होती.

“आता स्नायू ऐकायचा,” बाई म्हणाल्या. “यंत्राला स्पीकर आहे. स्नायू काम करत असला की आवाज येतो. सैल सोडला की एकदम शांत. सैल असूनही आवाज येत राहिला, तर मात्र मला आणखी बघावं लागेल. कळलं? तर सैल सोडा.”

अंगठा आणि तर्जनीच्या मधे सुई गेली. सेक्रेटरींना ती फारशी दुखली नाही. पण खोलीत आवाज भरला, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा तडतडाट.

“सैल सोडा.”

“सोडलाय.”

तडतडाट वाढला.

सैल सोडणं ही गोष्ट सेक्रेटरींनी आयुष्यात कधी केलेली नव्हती. ते झोपतसुद्धा मुठी वळून. आता ते सैल सोडण्यासाठी सगळा जोर लावू लागले. दात आवळले, पायांचे अंगठे ताणले, श्वास धरला. स्पीकर खवळला. बाईंनी हात वळवून बघितला, उशी दिली, छताकडे बघा म्हणाल्या, मनातल्या मनात एखादी आवडती जागा आठवा म्हणाल्या. सेक्रेटरींना आपली गॅलरी आठवली, गॅलरीवरून लाल गाडीचं चाक आठवलं, आणि यंत्र असं कडाडलं की तंत्रज्ञानं आवाज कमी केला.

“हे बघा,” बाई शांतपणे म्हणाल्या, “हा आवाज रोगाचा आहे की भीतीचा, हे मला शांतता झाल्याशिवाय सांगता येणार नाही.”

आता तर शांतता होणंच अशक्य होतं. आतापर्यंत कुणालाही कळू न दिलेली आपली भीती स्पीकरवरून जाहीर होत होती, बायकोसमोर, तंत्रज्ञासमोर, आणि दार अर्धवट उघडं असल्यामुळे बाहेर थांबलेल्या लाल गाडीवाल्यासमोरही. सेक्रेटरींच्या कपाळावर घाम आला. ते काही बोलले नाहीत, पण यंत्र बोलतच होतं.

बायको खुर्चीवरून उठली आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली. तिनं त्यांचा हात धरला नाही, कपाळ पुसलं नाही. कमरेवर हात ठेवून, ग्रंथालयात उशिरा पुस्तक परत आणणाऱ्याशी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, “तो व्हॉल्व्ह मला येत नाही.”

“काय?”

“पंपाच्या खोलीतला. तुम्ही दाखवत होता तेव्हा मी जाळ्याकडे बघत होते. मला नाही आलं आणि मला शिकायचंही नाही. मीटरची किल्ली कुठे ठेवलीत तेही मी विसरले. गॅसची पावतीसुद्धा. तुम्ही मला काय काय दाखवत सुटला होता ते मला समजत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला? मला फार भीती वाटली. म्हणून मी काही शिकणार नाहीये. तुमचं तुम्ही करा.”

सेक्रेटरी तिच्याकडे बघत राहिले. इतक्या दिवसांनी ती त्यांच्याकडे सरळ बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते. म्हणजे हिला सगळं कळत होतं. म्हणजे दोघंही एकाच घरात, एकाच गोष्टीला, वेगवेगळे भीत बसले होते. “बरं,” ते म्हणाले. “नको शिकूस.”

आणि बाईंनी बोट वर केलं. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. तेवढाच. स्पीकर गप्प होता.

बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. सुई जरा हलवली, पुन्हा ऐकलं. दुसऱ्या स्नायूत घातली, तिथंही गप्प. मग त्यांनी सुई काढली, चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. “तुम्हाला जी भीती वाटतेय तसलं काही नाही. कोपरापाशी एक नस दबलीय. कोपर कुठे आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच. रोज कुठे कोपर टेकवून बसता का?”

“मी? कुठेच नाही,” सेक्रेटरी प्रामाणिकपणे म्हणाले.

“कठड्यावर,” बायको म्हणाली, आणि त्याच क्षणी दाराबाहेरून लाल गाडीवाल्याचाही आवाज आला, “कठड्यावर.”

“किती वेळ?”

“दिवे लागायच्या आधीपासून शेवटची गाडी येईपर्यंत,” दाराबाहेरून माहिती आली. “आणि हात असा दुमडून, हनुवटीखाली. आम्ही रोज बघतो.”

रुग्णाचा दुखण्याचा इतिहास तळमजल्यावरच्या सभासदाकडून घ्यायची वेळ बाईंवर पहिल्यांदाच आली असावी, पण त्यांनी तो घेतला. कोपर टेकवायचं नाही, हात फार वेळ दुमडून ठेवायचा नाही, झोपताना मऊ पट्टा बांधायचा. जोर यायला वेळ लागेल, पण बहुतेक येईल. नाही आला तर काय, हे सेक्रेटरींनी या वेळी विचारलं नाही.

परतताना लाल गाडीवाल्यानं एसीला हात लावण्याआधी मागे वळून बघितलं. “कमी ठेवू का, साहेब?”

“बंदच करा,” सेक्रेटरी म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी जोडलं, “बरं झालं, तुम्ही थांबलात.”

संध्याकाळपर्यंत इमारतीत सगळ्यांना कळलं, की सेक्रेटरींचा हात गाड्यांवर लक्ष ठेवून ठेवून गेला होता. विमाकाका येऊन, काहीशा निराशेनं, अभिनंदन करून गेले. मावशींनी तेलामुळेच निभावलं म्हणून सांगितलं. सेक्रेटरी खोलीत खुर्चीवर दोन्ही हात मांडीवर सरळ ठेवून बसले होते. गॅलरीत जायचं नाही असा हुकूम होता. खाली ओळखीचं इंजिन घरघरलं, थांबलं, दार आपटलं. मग पुन्हा इंजिन सुरू झालं, गाडी थोडी मागे गेली, थोडी पुढे आली आणि बंद पडली.

“सरळ लावली,” गॅलरीतून बायको म्हणाली. “दोन्ही पट्ट्यांच्या आत.” ती कठड्याला टेकून उभी होती.

“कोपर उचल,” सेक्रेटरी आतून म्हणाले.

तिनं उचललं.

पाण्याची वेळ झाली तसे ते उठले. ती काही न विचारता मागोमाग निघाली. पंपाच्या खोलीत त्यांनी व्हॉल्व्हला दोन्ही हात घातले, पण सुया टोचलेल्या हातात जोर नव्हता आणि चाक जागचं हललं नाही. ते पुन्हा प्रयत्न करणार तेवढ्यात तिनं त्यांना हलकेच बाजूला केलं. पदर खोचला, चाक पकडलं, पूर्ण फिरवलं. मग थांबून, मान तिरकी करून, किंचित मागे घेतलं. आत ‘टक’ असं वाजलं. तिनं हात सोडला. वर नळातून पाणी चढायला लागल्याचा आवाज आला.

सेक्रेटरी तिच्याकडे बघत राहिले.

ती हात पुसत होती. “चला वर,” ती म्हणाली. “हात गार पडतील तुमचे.”